तिळामळला थांबायचं नाही

रिवणहून केप्याला जायला अर्धा तास.
बाबांना निघायलाच तीन लागले.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा.
नोटीस आठवडाभर फ्रिजवर होती,
गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.

जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला त्यांनी.
चक्र बाहेर काढलं, एकेक घर करंगळीनं चाचपलं,
मग माझ्यासमोर धरलं.
"काय दिसतं?"
"काही नाही."
"नीट बघ."
सहा भोकांतून सहा वेळा मागचं दार दिसलं
आणि दारातली बिंबली.
"काही नाही, बाबा."
"आत्ता बरोबर."

काडतुसं निराळ्या डब्यात.
मोठ्यानं मोजली, खाणीवर पगार मोजायचे तशी,
अंगठ्याला थुंकी लावून, नोटा नसतानाही.
चोवीस.
रिव्हॉल्वर पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत,
काडतुसं डिकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जुन्या टॉवेलात.
किल्ली बनियनच्या आतल्या खिशात.
परवाना वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला रबर.

"वाटेत कुठं थांबायचं नाही.
तिळामळलासुद्धा."
"भाजीपाव, बाबा. पाच मिनिटं."
"गाडी सोडायची नाही."

तिळामळच्या अलीकडे तपासणीची जीप.
"काच खाली कर. हात स्टिअरिंगवर ठेव. बोलतो मी."
आणि ते बोलले, पाठ केल्यासारखं:
"डिकीत परवान्याचं हत्यार आहे.
रिकामं आहे, कुलपात आहे, केप्याला जमा करायला चाललोय.
कागद खिशात आहेत. काढू?"
पोरगेला शिपाई, छातीवर नाव वेळिप,
"काढा" म्हणाला, आणि त्यालाच अवघडल्यासारखं झालं.
नंबर जुळवले. डिकी पाहिली. टॉवेल पुन्हा होता तसा गुंडाळला.
"सगळे असे येत नाहीत, काका."

ठाण्यात हवालदारानं वही उघडली.
बत्तीस बोअर. कानपूर. परवाना सदुसष्ट, केपे.
"खरेदी पंचवीस, जमा चोवीस. एक?"
"खर्ची पडलं. नोंद आहे, एक्याण्णवची."
नोंद होती.
पावती मिळाली, गॅसच्या पावतीएवढी.

परतताना तेच म्हणाले, "तिळामळला थांब."
खिडक्या उघड्याच टाकून उतरले,
पहिल्यांदाच.
भाजीपाव मागवला, मिरची परत केली, अर्धा पाव चहात बुडवला.

"तेव्हा मी ते मांडीवर ठेवायचो," ते म्हणाले.
"जीपमध्ये. पगाराची पेटी पायांत, हे मांडीवर, भरलेलं.
कोळंबच्या वळणावर काळोखातनं कुणी आडवा आला.
हाताशी असलं ना, की हात आधी बोलतो.
डोकं मागाहून येतं, धापा टाकत."

चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली.

"काजूला लागली गोळी. त्याला नाही.
यल्लाप्पा होता. ट्रक भरायचा.
उचल मागायला आलेला,
ऑफिसात सगळ्यांदेखत मागायला लाजला म्हणून रस्त्यावर."
"मग?"
"मग काय. दुसऱ्या दिवशी रांगेत आला.
अंगठा उठवला. पैसे मोजून घेतले.
माझ्याकडे बघितलं नाही.
दर शनिवारी अंगठा, दर शनिवारी तसंच,
खाण बंद पडेपर्यंत."

पुढची सगळी वर्षं ते हत्यार
जीपच्या मागच्या पेटीत, कुलपात, रिकामं गेलं,
हे मला आज कळतंय.
मला वाटायचं, कायदा आहे म्हणून.

"कायदाही आहे," ते म्हणाले.

पैसे दिले त्यांनी. सुटे दोनदा मोजले.
मी गाडी सुरू केली.
पहिल्याच खड्ड्यात मागे रिकामी पेटी खडखडली,
आणि आम्ही दोघांनीही
एकदम वळून पाहिलं.