छपराची पाटी

ओस्त्राव्हात हिवाळा काजळी घेऊन यायचा.
खिडकीच्या कडेवर बर्फ, आणि बर्फावर काळी साय.
तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात मात्र
अठ्ठावीस अंशांची एक नदी
लोखंडी मांडणीवर, पावाच्या डब्याशेजारी, उभी होती.

बाबा ट्रामच्या डेपोत रात्रपाळीला.
नखांत ग्रीस, हातांच्या रेघांत ग्रीस,
पण पाण्यात हात घालण्याआधी
कोपरापर्यंत रेतीनं घासायचे.
"साबण म्हणजे विष," म्हणायचे.
आई म्हणायची, "माझ्या टेबलावर येतानाही घासत जा."

जोडी एकच. काळ्या पट्ट्यांची.
इतर ठिकाणी त्यांना देवदूत म्हणतात
हे मला फार उशिरा कळलं;
आमच्याकडे ती नुसती स्कालार,
आणि बाबा चिडले की, खादाड.
सात वेळा अंडी घातली
सात वेळा सकाळी पाटी कोरी,
कुणी ओल्या फडक्यानं पुसावी तशी.

(पाटी शाळेच्या छपराची. छप्पर उतरवलं तेव्हा
शेजारच्या कुबालांनी कोटाखाली लपवून आणलेली.)

आठव्या वेळी बाबांनी पाटीच उचलली.
काचेच्या बरणीत उभी केली,
निळ्या औषधाचे चार थेंब, खाली बुडबुडे.
मी नऊ वर्षांची. माझं काम
पांढरी पडलेली अंडी सुईनं काढायचं,
श्वास रोखून.
तिसऱ्या दिवशी पाटीला शेपट्या फुटल्या,
डोकी चिकटलेली, आणि शेपट्यांचं ते गवत
वारा नसताना हलत होतं.

मग गजराचं घड्याळ.
बाबांनी पाळी बदलून घेतली, महिनाभर.
रात्री दहाला, दोनला, पहाटे पाचला
उलट्या बाटलीतल्या खाऱ्या पाण्यातून
नुकते जन्मलेले कोळंबीचे कण गाळायचे.
पिल्लांची पोटं केशरी व्हायची,
प्रत्येकीत एक ठिणगी.
"वान्दा तान्ही होती," आई एका दुपारी म्हणाली,
बटाटे सोलता सोलता, वर न बघता,
"तेव्हा एकदाही उठला नाहीस."

बाबा काही बोलले नाहीत.
त्या रात्री दोनचा गजर झाला,
गाळणं झालं, झाकण लागलं,
आणि मग माझ्या दाराशी कुणीतरी
बराच वेळ उभं.
मी डोळे मिटलेलेच ठेवले.
मिठाचा वास येत होता.

एकशे साठ जगली. बाबांनी ती विकली,
माझे बूट आले, आईचा स्वेटर आला.
पण आईनं एक पाहिलं होतं, जे आम्ही दोघांनी नाही:
मोठ्या टाकीत ती जोडी
पाटी जिथे होती, त्या रिकाम्या पाण्याला
पंखांनी वारा घालत होती.
चार दिवस.
"अजून तिथेच आहेत," ती म्हणाली. एवढंच.

नवव्या वेळी बाबा बरणी घेऊन आले
तर आई मांडणीसमोर उभी.
"नाही."
"खातील."
"खाऊ देत. त्यांची आहेत."
तिनं आपली लोकरी शाल काचेवर टाकली,
स्वयंपाकघरातला दिवा काढून टाकला, बल्बसकट,
आणि आठवडाभर
जिन्यातल्या उजेडात कोबी चिरला.

काही खाल्ली. बरीच खाल्ली.
मग एका संध्याकाळी शालीच्या फटीतून
मला दिसलं: आईमासा तोंडात पिल्लू घेतेय.
मी ओरडणार होते.
तिनं ते पानावर थुंकलं, जरा वरच्या,
आणि पुढचं उचललं.

अकरा.
कुबाला हसले, इतक्यात दुकानवाला दारही उघडत नाही म्हणाले.
बाबांनी ती विकायला काढली नाहीत.

मला त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते हे:
पहाटे साडेपाच, बाबा पाळीवरून आलेले,
ओव्हरकोट अंगातच,
अंधारात बसून गार सूप पिताहेत,
चमचा वाटीला लागू न देता.
आणि पलीकडे, शालीमागे, कुणीतरी
त्यांच्याइतकंच जागं.