आठ घड्यांचा कागद

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या काट्यावर
मी कट्ट्यांची वजनं लिहिते.
साठ दोनशे, एकोणसाठ आठशे,
आणि मग पेन एकटंच पुढं जायचं,
पट्टीवर एक लांब रेघ, पार काठापर्यंत.
हमाल म्हणायचे, गेल्या बाई.

हसले की गुडघे सुटायचे,
म्हणून कुणाचा विनोद मी उभ्यानं ऐकत नसे.

हैदराबादला डोक्याला वायरी चिकटवून
एका दिवसात पाचदा झोपवलं मला.
मग नांदेडच्या सिद्दीकी मॅडमनी गोळी लिहिली:
सकाळी एक. दुपारनंतर घ्यायची नाही.

खोक्यात एक कागद होता, आठ घड्यांचा,
मोहरीएवढी इंग्रजी अक्षरं.
ते कुणी वाचत नाही ताई, मेडिकलवाला इर्शाद म्हणाला,
डोकं दुखेल, पाणी पीत जा.
पण अंगावर पुरळ उठलं
तर गोळी तिथंच थांबवायची अन् त्याच रात्री दवाखाना,
सकाळची वाट बघायची नाही.
एवढं मात्र हातातलं काम ठेवून सांगितलं त्यानं.

पुरळ नाही उठलं. डोकं दुखलं.
जीभ कोरडी, पत्र्यासारखी.
काट्यावरचे आकडे ठरत नाहीत
तशी छाती, ठरेचना.
पण दहावीनंतर पहिल्यांदा
मी दुपारचे अडीच पाहिले!
शेडखाली हमालांचा पत्त्यांचा डाव,
धुळीत लोळून पिवळं झालेलं कुत्रं,
आडतीच्या गादीवर शेठचं उघडं तोंड.
झोपले होते ते सगळे, मी सोडून.
घरी मन्मथचा विनोद खुर्चीत बसून
शेवटापर्यंत ऐकला.
फार काही नव्हता.

मग पाळी चुकली.
मी तर दुसरीही गोळी घेत होते,
रोज रात्री, न विसरता,
पाठीवर वारांचे बाण असलेली.
इर्शादनं कागद काउंटरवर तळहातानं सपाट केला.
नेमकं घडीच्या रेघेवर ते वाक्य:
ही गोळी त्या गोळीचा जोर कमी करते,
बंद केल्यावरही महिनाभर भरवसा धरू नये.

मॅडमनी विचारलं होतं, लग्न झालंय?
मी हो म्हणाले होते.
त्याच्या पुढचं त्यांनी विचारलं नाही,
आणि झोपेचा ह्याच्याशी काय संबंध,
मला तरी कुठं सुचणार.
चुकलं माझं, त्या म्हणाल्या.
डॉक्टरच्या तोंडून हे मी आधी ऐकलं नव्हतं,
त्यामुळे रागवायचं राहून गेलं.
पोटातल्याला काय होईल, नक्की सांगता येत नाही,
म्हणून बंद. ठेवायचं ना, मन्मथनं विचारलं,
मी हो म्हणेपर्यंत डोळा लागला.

आता पुन्हा पट्टीवर रेघा.
मारोती काट्यावरून हाक मारतो,
बाई, एकसष्ट शंभर,
आणि मी लिहिते, कधी एकसष्ट, कधी नुसती ओढ.

उरलेल्या अकरा गोळ्या
डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवल्यात.
कागदावर तेही होतं,
लेकरांच्या हाताला लागू देऊ नये.
स्टूल घेऊन चढले,
अजून एक फळी वर सरकवल्या.