तेवीस किलो

बॅग तोलायला आम्ही मासळीबाजारात नेली.
दुपारचे अडीच. दिवाळे गावचा बाजार धुऊन झालेला,
फरशीवर दोन मांजरं,
आणि आईचा काटा ओल्या फडक्याखाली झोपलेला.

"तेवीसच्या वर एक ग्रॅम नको,"
देवस्थळी मॅडमनी ग्रुपवर टाकलं होतं, तीन वेळा,
आम्हा बारा जणांसाठी.

तीन आठवडे. नेदरलँड्स.
ओहोटीला उघडा पडणारा समुद्र, त्याचा गाळ,
गाळातले किडे, किड्यांवर जगणारे पक्षी.
आईला सांगितलं तेव्हा ती कोयता घासता घासता थांबली.
"चिखल बघाला? आपले खारीन काय चिखल कमी हाय?"
मी म्हटलं, तिथला शिकले की इथला समजेल.
"मना इचार ना. मी फुकट सांगतंय."

मग कागद.
जन्मदाखल्यावर निरजरा, दहावीला निर्झरा,
आधारवर निर्जरा, म्हणजे कधीच म्हातारी न होणारी.
या तिघी एकच, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं.
खात्यातले पैसे सहा महिने हलवायचे नव्हते,
म्हणून आईने बर्फसुद्धा उधार उचलला.
पडताळणीला हवालदार आला. चहा नको म्हणाला,
दोन पापलेटं घेतली.
फुकटची, तरी आईने ती तोलून दिली.
"हिशोब रव्हाला पायजे."

बुटांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.
तळव्याला इथली माती चालणार नव्हती, कणभरही.
इथलं बी, इथलं एखादं अंडं
तिकडे जाऊन रुजायला नको.
मी जुन्या टूथब्रशने एकेक खाच कोरत बसले,
मोरीत काळं पाणी वाहत राहिलं.
आई पलीकडे कालवं फोडत होती.
स्वतःच्या नखांकडे बघून म्हणाली,
"मंग मना तं कवाच नाय घेनार."

काटा म्हणाला, चोवीस.
आईने चेन उघडली.
दुर्बीण कॉलेजची, स्वेटर मामेभावाचा,
बूट धुतलेले, औषधं मोजलेली.
तिने तांदळाच्या पिठाची पिशवी काढली,
भाकरीचं, तिनेच दळून आणलेलं, किलोभर.
काटा डुलला, थांबला. तेवीस.
"बघ," ती म्हणाली,
जशी गिऱ्हाइकाला म्हणते.

रात्री एक वाजता मामाचा टेम्पो.
मागे बर्फाच्या रिकाम्या पेट्या आणि माझी बॅग,
पुढे आम्ही तिघं, पासपोर्ट आईच्या मांडीवर.
वाशीच्या पुलावर मी काच खाली केली.
ओहोटी लागली होती. दिव्यांखाली गाळ चमकत होता,
जिथे पाणी मागे सरकलं होतं तिथे घड्या पडलेल्या.
मी वहीत काहीतरी लिहायला गेले.
अंधारात पेन सापडलं नाही.

तिकीट नसलेल्यांनी बाहेर थांबायचं होतं.

काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवली.
एकवीस किलो आठशे पन्नास.
मुलीने स्टिकर चिकटवला, बॅग गेली,
मी आकडा गेला त्या जागेकडे बघत राहिले.
भागाकार आता आपोआप होतो, ती सवयच लागली आहे.
किलोमागे पन्नास ग्रॅम.
वीस वर्षं, पहाटे पाच ते अकरा.
सुरमई, हलवा, घोळ,
हवालदाराची ती दोन पापलेटं.
माझी फी, प्रयोगाच्या वह्या, हा व्हिसा,
सगळं पन्नास-पन्नासने जमलेलं.
तिला ठाऊक होतं की काट्यालाच ठाऊक होतं?

आणि पीठ? पीठ तर आलं असतं.

फोन वाजला. काचेपलीकडे, खांबाशी,
ती पिठाची पिशवी काखेत घेऊन उभी. का आणली होती कोण जाणे.
"भरला का बरोबर?"
मागे मॅडम हजेरी घेत होत्या,
निर्झरा, निर्झरा कुठे आहे?
"भरलं," मी म्हटलं. "तुझ्या काट्याइतकं. तेवीस."
"मंग," ती म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.