तीन पेड, सहा मिनिटं

दर्शना रात्रपाळीहून साडेसातला येते,
ऊर्वीची बस सहा दहाला.
म्हणजे सकाळी या घरात
केसांना हात लावणारा माणूस एकच: मी,
हिद्दच्या गोदीत बारा वर्षं वायररोप गुंफणारा.

पहिल्या आठवड्यात कोरडाच कंगवा घातला.
केस फुलले, पिंजारी येऊन गेल्यासारखे.
ऊर्वी आरशात बघून म्हणाली,
"बाबा, मी शाळेत जाणार नाही. कधीच."
त्यात मुहर्रकची सप्टेंबरातली हवा,
जिना उतरेपर्यंत चष्म्यावर धुकं,
आणि नळाला समुद्रच,
मीठ काढून घेतलेला
पण मनातून न गेलेलं.

मग दर्शनाचे व्हॉइस मेसेज यायला लागले,
दोन पेशंटच्या मधे, दबक्या आवाजात:
"कोरडे विंचरू नकोस. बोटं ओली कर, बोटांनीच सोडव.
टोकापासून सुरू कर, मग वर ये.
आणि ओढू नकोस रे, ती दोरी नाही."

दोरी नाही, कळतं मला.
पण दोरीलाही पेडच म्हणतात ना?
तीन पेड, तिघांना सारखा ताण,
एक सैल पडला की भार उरलेल्या दोघांवर,
हे मी नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो.
घरी शिकलो ते उलटं.
थोडं सैलच असू दे.
लाट आवळली की रुसते.

आता चार युक्त्या येतात मला.
वेळ असेल तर
कानशिलावरच्या दोन बटा पिळून मागे एक चिमटा,
बाकीचे खाली सैल रबरात, कारण मोकळे केस मिसना चालत नाहीत.
उशीर झाला तर एका खांद्यावरून वेणी,
अर्धी मी घालतो, अर्धी ती बसमध्ये.
पीटीच्या दिवशी अंबाडा, पेन्सिल खोचून.
चौथ्या तासाला गणित असतं, पेन्सिल लागते,
घरी येते ती पाठीवर भरती घेऊन.
आणि सगळ्यात सोपं, आदल्या रात्रीचं:
ओलसर केसांची ढिली वेणी, वर माझा जुना मऊ बनियन गुंडाळायचा,
सकाळी फक्त सोडायची.
लाटा आयत्या.

वरच्या मजल्यावरच्या उम्म जासिमनं
एकदा हिरवी पूड दिली, सिद्र म्हणाली, केसांना लाव.
कालवली तर साबणासारखा फेस.
पाकिटावरचं पान निरखून बघितलं
तर अगदी आमच्या बोरीचं!
गावी जिला शेळ्या ओरबाडतात,
जिच्या काट्यांचं आम्ही कुंपण करतो,
ती इथं
एका दिनाराला वाटीभर.

काल मला सुट्टी होती.
दर्शना आली, टोपी काढली.
बारा तास दाबून ठेवलेले केस,
ऊर्वीचेच, फक्त तीस वर्षं पुढचे.
बूटसुद्धा न काढता खुर्चीवर बसली.
मी बोटं ओली केली.
"टोकापासून," ती म्हणाली.
"माहितीये," मी म्हणालो.

गोदीत दोराच्या तुटलेल्या तारा मोजतो आम्ही,
ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की दोर बाद.
तिच्यात पांढरे दिसले. सवयीनं
सातपर्यंत मोजले,
मग लाज वाटली.

तिसरा पेड मधे आणेस्तोवर
तिची मान माझ्या पोटाला टेकली होती, झोपेनं जड.
वेणी झाली. रबर सापडेना.
मनगटावर ऊर्वीचं होतं, जांभळं,
एका मुठीत वेणी धरून काढता आलं असतं,
पण ती जागी झाली असती.

खाली कचऱ्याची गाडी आली, गेली.
चहाचं पाणी आटत आलं.
मी टोक चिमटीत धरून
उभा.