पापणी

मनामाच्या सोनारबाजारामागं, तिसऱ्या मजल्यावर,
हिंदुराव गलाईवाल्यानं, म्हणजे आमच्या दादांनी,
एकतीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं गाळलं.
दुकानांतली झाडलोट, कानशीची धूळ, तुटके फासे,
सगळं मुशीत. वर चिमूटभर टाकणखार.
मग नुसतं बघत बसायचं.
शिसं निघून जातं, वरची साय फाटते
आणि थेंब एकदाच पापणी उघडतो.
'तेवढ्यात शिंकलास तरी हुकलं,'
हाताखालच्या पोरांना म्हणायचे.

आता चहात साखर घालताना
चमचा हवेत धरून थांबतात.
चमचा भरलेला. कप समोर.
मधलंच काहीतरी विझतं.
मी दहापर्यंत मोजते, कधी चाळीसपर्यंत,
मग साखर पडते, कपात किंवा ओट्यावर,
आणि दादा पुढचं बोलू लागतात
जणू वाक्य तुटलंच नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिने उलटे म्हणा.
शीजा सिस्टरनं ते हिंदीत सांगितलं.
दादांनी फाल्गुन घेतला, माघ, पौष,
मार्गशीर्षात शिरले ते बाहेरच आले नाहीत.
खिडकीत एक क्रेन वळत होती.
तिच्याकडं बघत होते? कुणास ठाऊक.
'लक्ष कुठंय तुमचं?' मी जरा चिडूनच.
'लक्ष?' म्हणाले, 'लक्षभर तर उमरशेठकडंच अडकलेत.'
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

बाहेर बाकावर हाजी याकूब.
त्यांचं दुखणं निराळं, शीजा म्हणाली.
सांगितलेलं पाच मिनिटांत पुसलं जातं,
पण ऐकताना अख्खे ऐकतात,
बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर हलत नाही.
त्यांचे वडील मोत्यांच्या गलबतावर दोर धरायचे.
खाली पाणबुड्या. हिसका बसला की ओढायचं.
हे त्यांनी त्या सकाळी मला चार वेळा सांगितलं,
चारही वेळा पहिल्यांदा.

आणि तो तिसरा, पन्नाशीचा, बँकेतला म्हणे.
दिसलं की हात गेलाच:
लिफ्टचं बटण, पाण्याचं मशीन, माझ्या पर्सची कडी.
बायको मागून फिरत होती, एकेक बंद करत,
कुणाची माफीही मागत नव्हती आता.

हाजींची मूस गळकी.
दादांची मूस धड आहे, भट्टीच फडफडते.
त्या बँकवाल्याचं मला गलाईच्या भाषेत सांगता येत नाही.

दुपारी दादांना पोरं दिसतात.
दोन, सोफ्याच्या हातावर बसलेली.
'आपल्या विट्याकडची नाहीत,' म्हणतात,
'पण ऊन बघ केवढं. पाणी दे त्यांना.'
आधी मी भांडायचे.
आता दोन पेले ठेवते,
संध्याकाळी तेच पाणी तुळशीला.

काल भावाचा फोन.
प्लॉटचं काय, औषधांचं महिन्याला किती पडतं,
यंदा इकडं आणणार की तिकडंच ठेवणार.
मी फोन खांद्यात धरून,
पाकिटाच्या पाठीवर दिनारांचे रुपये करत,
दूध गॅसवर.
दादा सकाळपासून भिंतीकडं तोंड करून.

'पोरी.'

आवाज भट्टीवरचा.
'दूध.'

मी वळले. साय काठाशी आली होती,
थरथरत, अजून गेली नव्हती.
दादाच उठले. बटण बरोबर धरलं,
बरोबर बाजूला फिरवलं,
आणि माझ्याकडं बघितलं, पुरतं,
मी किती वाळलेय ते दिसेल इतकं.

भाऊ फोनवर विचारत होता,
'ऐकतेयस ना?'