माधोगंज, तीन डिग्री

किल्ला तीन दिवस झाले दिसलेला नाही.
धुक्यात एवढा मोठा डोंगर हरवतो,
मग सात कोंबड्यांचं काय घेऊन बसलात.

पाच वाजताच त्या खुराड्यात शिरतात.
आधी फौजदारीण, मग तांबड्या,
शेवटी बुटकी, जिला दार कुठे आहे
ते रोज नव्यानं शोधावं लागतं.
मी मोजतो. सिंधू आतून विचारते, "सात?"
"सात."
संध्याकाळचं आमचं बोलणं एवढंच. पुरतं.

मागच्या पौषात मी शहाणपणा केला होता.
कुणाच्या तरी लग्नातला फ्लेक्स आणला,
"शितोळे परिवार आपका स्वागत करता है",
आणि खुराडं चहूबाजूंनी आवळून टाकलं,
फटींत चिंध्या, चिंध्यांवर चिकटपट्टी.
एकतीस वर्षं वीज मंडळात खांब चढलोय,
माझी गाठ सुटत नाही.
सकाळी दार उघडलं
तर वासानं डोळ्यांत पाणी आलं.
फ्लेक्सच्या आतून थेंब ओघळत होते,
त्यांच्याच श्वासांचे,
नवरदेव नखशिखांत भिजलेला.
बुटकीच्या तुऱ्याचं टोक काळं पडलेलं,
एक तांबडी घशातून शिट्टी वाजवत होती.

अनवरी खाला बादलीवर चढून भिंतीवरून बघत होती.
चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यात तिनं.
"भाईसाब, मुर्गी ठंड से नहीं मरती,
सीलन से मरती है. ऊपर से खोलिए."
एवढं बोलून ती खाली उतरली.
बादली वाजली.

तेव्हापासून छपराखाली वीतभर मोकळं.
खाली वारा शिरू नये म्हणून गोणपाट,
त्याच्या आत डबऱ्याहून आणलेला भाताचा पेंढा, ढोपरभर.
एक दिवसाआड खुरप्यानं हलवायचा,
ओला दिसला तेवढा उचलून
कढीपत्त्याच्या बुंध्याशी.
बसायला आधी गोल पाइप होता. तो काढला,
केबलच्या रिकाम्या ड्रमची चपटी फळी ठोकली.
फळीवर बसली की कोंबडीची पिसं
आपोआप तिच्या बोटांवर उतरतात.
एवढी साधी गोष्ट,
साठीनंतर कळली.

झोपण्याआधी मूठभर बाजरी,
रात्रभर पोटात शेगडी.
सकाळी कोमट पाणी, कारण परातीतल्या पाण्यावर
काचेसारखी साय धरलेली असते,
फौजदारीण तिच्यावर चोच आपटून माझ्याकडे बघते,
जसा वीज गेल्यावर ग्राहक बघायचा.
तुऱ्यांना सिंधू व्हॅसलीन लावते,
एकेकीला मांडीत दाबून, दटावत.
बोटाला उरलेलं माझ्या टाचांना.

अंडी नाहीत. देवदिवाळीपासून नाहीत.
सिंधू म्हणते, एक बल्ब लावा,
भाऊजींकडे लावलाय, रोज पाच-सहा मिळतात.
मी तारा जोडूनच संसार केला,
पण तार आणि पेंढा यांची ओळख
माझ्या हातून करून दिली जाणार नाही.
जे पाहिलंय ते तिला सांगितलेलं नाही.
नुसतं म्हणतो, दिवस लहान आहे,
संक्रांत होऊ दे, देतील.
"तोवर फुकट खाणार?"
पेन्शन समज, म्हणतो.
ती हसत नाही. बाजरी मात्र
दुसऱ्या दिवशी दीड मूठ असते.

रात्री दोनला मला जाग येते. तशीच सवय,
कुठेतरी फ्यूज गेलेला असतोच.
कानटोपी घालून अंगणात जातो.
बॅटरी लावत नाही, घाबरतात.
छपराखालच्या फटीत हात धरतो.
थोडी ऊब लागते तळव्याला,
मळणीनंतरच्या खळ्यासारखा वास,
आणि आत कुणीतरी झोपेत
क्रर्र करून कूस सावरतं.

परत येतो तर रजईतून आवाज, "सात?"
अंधारात कुणी मोजतं का.
"सात," म्हणतो.
"पाय गारठलेत तुमचे. तिकडे ठेवा."