दूर पीळ, जवळ वेढा

अठरा धागे मोज. मेण लावायच्या आधी मोज,
मेण लागलं की ते एकमेकांना सोडत नाहीत,
मग सतरा आहेत की एकोणीस, देवालाही कळायचं नाही.
असं पा म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.
आता अर्धीच जीभ म्हणते,
उरलेलं मी लावून घेते.

शेडमध्ये अजून वास आहे
कुजवलेल्या जवसाचा.
लेये नदीत पेंढ्या बुडवणं बंद झालं
त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली,
पण लाकडाला हे कोण सांगणार.

नऊ धागे एका पेडात, नऊ दुसऱ्यात.
टोकं एका रेषेत कापायची नाहीत,
बोट बोट उतरती ठेवायची,
नाहीतर फासा संपतो तिथं
दोरीला एकदम खांदा येतो
आणि ती नेमकी तिथंच दगा देते.
पेड आपल्यापासून दूर पिळायचा,
मग दुसऱ्यावरून आपल्याकडे आणायचा.
दूर पीळ. जवळ वेढा.
पहिल्या आठवड्यात मी दोन्ही एकाच अंगाला केलं.
हात काढले, तर दोरी अशी सुटली
जसं तिला कुणी वळलंच नव्हतं.
पा हसले. डाव्या गालानं साथ दिली नाही.

हे सगळं त्यांनी वान्नेसला शिकवलं होतं.
मला नाही. मी मुलगी,
मी डोक्यावर वेताची टोपली घेऊन
खांबाखाली बाण वेचायचे.
सत्तावीस मीटर उंच खांब,
वर पिसांचे पक्षी, रांगेनं,
आणि चुकलेला प्रत्येक बाण
बोथट टोकानं माझ्या टोपलीवर: टक्.
वान्नेस अँटवर्पला गेला. जहाजांचे विमे काढतो.
धनुष्य इथंच राहिलं, भिंतीला टेकून,
दोन्ही कोट्या रिकाम्या.

मी म्हटलं, करते मी एकटी.
त्यांनी मान हलवली. सुंभ जळून गेलं,
पीळ जागच्या जागी.
डावा हात मांडीवर पडलेला,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
उजवा पुढं आला, एक पेड त्यानं चिमटीत धरला.
दुसरा माझ्या डाव्या हातात.

एका बाकावर दोघं, खांद्याला खांदा
(इतक्या जवळ आम्ही शेवटचं
आईच्या दफनाला बसलो होतो).
ते पिळतात, मी पिळते,
मग पेड एकमेकांवरून जातात आणि हात बदलतात,
माझा त्यांच्याकडे, त्यांचा माझ्याकडे.
त्यांचा पीळ करकचून,
गिरणीत जवस झोडण्यात चाळीस वर्षं गेलेली बोटं ती.
माझा ढिला. पुन्हा त्यांचा.
मध्येच थांबून माझ्या नखावर टिचकी मारतात,
काय चुकलं ते सांगत नाहीत, सांगता येत नाही,
का सांगायचंच नसतं, मला अजून कळलेलं नाही.
मेणाचे हात. कॉफी गार.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर, बराच वेळ.

दोरी चार बोटं लांब झाली.
मी कात्री घेतली, त्यांनी ती हिसकावली,
एक फासा काढला, दोरीला आणखी पीळ दिला,
आणि ती आखडली,
हवी तितकी. जवळजवळ.

ईस्टरच्या सोमवारी वारा होता.
ओळीत माझ्या पुढं खाटीक कामील,
मागं त्याचा नातू.
सातव्या बाणाला खालच्या रांगेतला एक पक्षी हलला,
एक पीस सुटलं, तांबडं, कोंबडीचं,
पक्षी काही पडला नाही.
पीस फिरत फिरत खाली आलं,
आणि खांबाच्या पायथ्याशी, चाकांच्या खुर्चीत, पा,
हट्टानं तिथंच नेऊन ठेवायला लावलेले,
डोक्यावर माझी जुनी टोपली.

ते वर बघतच नव्हते.
मी जवळ गेले. त्यांनी दोरीवर अंगठा मारला,
कान लावला,
जिथं मी पिळलं होतं तिथं बोट ठेवलं.
"सैल," म्हणाले.
अख्खा शब्द. दोन्ही अक्षरं.